दुसरीच्या नावाला हजर

ज्याच्या घरी फोन असेल त्याला फोन जायचा. ज्याच्या घरी नसेल त्याने व्हरांड्यात उभं राहायचं. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटची वेटिंग लिस्ट एवढ्या दोन वाक्यांत चालायची, आणि ही दोन वाक्यं कुठल्याच नोटीस बोर्डावर लिहिलेली नव्हती.

मी आर्ट्सवाली. माझा केमिस्ट्रीशी काय संबंध, असं त्या काळात मला प्राध्यापकांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. संबंध असा की ज्या मुलीचं नाव त्या यादीत होतं ती उधन्याला, या गुजराती शहरातल्या आमच्या मराठी चाळीत, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. आणि संबंध असाही की आमचं विद्यार्थ्यांचं एक लहानसं मंडळ होतं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, त्यात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. अर्ध्या पानात सांगता येत नाही तो अन्यायच नव्हे, असं मला तेव्हा वाटायचं. हा अन्याय अर्ध्या पानात बसला नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली की तिसऱ्या वर्षाला एक मुख्य विषय घ्यावा लागे. लॅबमध्ये जितकी स्टुलं तितक्या केमिस्ट्रीच्या जागा. मार्कांप्रमाणे जागा भरायच्या आणि उरलेले वेटिंगला. इथपर्यंत माझी तक्रार नाही. मार्क हे मार्क. तक्रार पुढची आहे. प्रत्येक डिपार्टमेंट आपली यादी आपल्या कपाटात ठेवायचं. केमिस्ट्रीने मायक्रोबायोलॉजीला विचारायचं नाही, मायक्रोबायोलॉजीने केमिस्ट्रीला सांगायचं नाही. त्यामुळे एकाच पोराने दोन्हीकडे नाव पक्कं करून दोन जागा अडवल्या तरी कुणी हटकत नसे. मग तो कुठल्या तरी एका जागेवरून उठला की ती मोकळी व्हायची. कधी? डिपार्टमेंटच्या हेड साहेबांना वाटेल तेव्हा. शिपाई बाहेर यायचा, वेटिंगमधलं पुढचं नाव वाचायचा. "हजर" असा आवाज आला तर आत. नाही आला तर त्याखालचं नाव. आणि एकदा वाचलेलं नाव पुन्हा वाचायचं नाही.

फॉर्मवर फोन नंबरची जागा होती. आमच्याकडच्या मुलीने तिथे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा नंबर लिहिला होता आणि पुढे कंसात पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन, बोलावून देतील. क्लार्कने तो तिच्यासमोरच पेन्सिलने खोडला. "असल्या नंबरांवर आम्ही फोन करत नाही, बेन. रोज येऊन ऊभी रहेजो."

रोज येऊन उभं राहायचं!

आता ती कोण, ते सांगते. बाप लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. आई तेव्हा आजारी सासूपाशी गावाकडे, अमळनेरच्या बाजूला. घरात ही आणि दोन लहान भाऊ. स्वयंपाक, भावांची शाळा, आणि पोटाला जोड म्हणून धागा कटिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साडी विणून आली की तिच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात. ते कात्रीने कापायचे. साड्यांचे गठ्ठे घरी येतात, कापून झाले की परत जातात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता.

सुट्टीत ती एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला जात होती. तिथल्या रंगाच्या मास्तरला तिचा हात आवडला. कपड्याचा तुकडा बघून कुठला रंग किती घातलाय हे ती सांगायला लागली होती. मास्तर तिला म्हणाला, "केमिस्ट्री लेके पास हो जा, फिर बाटली नहीं धोएगी, इसी टेबल पे बैठेगी." आणि केमिस्ट्री नाही मिळाली, बॉटनी मिळाली तर? "तो यहाँ क्या करेगी? साड़ी पे फूल उगाएगी?"

तिने हे घरी हसत सांगितलं होतं. पण बॉटनीला जागा रिकाम्याच असायच्या, आणि वेटिंगमधून राहिलेल्यांना तिकडेच ढकलायचे. म्हणजे ते टेबल की बाटल्या, हे आता त्या व्हरांड्यात ठरणार होतं.

ती रोज कॉलेजला जाऊन उभी राहायला लागली. आणि तिच्यासोबत मावशी. मावशी कुणाची सख्खी नव्हे, गल्लीची. धरणगावाकडची, चाळीतलं शेवटचं दार तिचं. पोरगी दिवसभर उभी राहिली तर तिचा गठ्ठा कोण कापणार? म्हणून मावशीने सरळ दोघींचे गठ्ठे उचलले आणि बसने कॉलेजात आणले. केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या बाहेर, भिंतीला टेकून, पाय पसरून, मांडीवर साड्या घेऊन बसली. शिपाई पहिल्याच दिवशी म्हणाला, "मासी, अहीं सेल लाग्यो छे के शुं?"

"लई जा ना मग एक," मावशी म्हणाली. "तुन्ही बायकोले लई जा. ती तरी खुश व्हई."

शिपाई हसला. माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायचं असलं की मावशीला आतलं मडकं दाखवायचा.

व्हरांड्यात आणखीही होते. कामरेजहून बसने येणारा एक मुलगा होता, त्याची बस हमखास उशिरा यायची. कतारगामचा एक होता, बाप हिरे घासणारा. तो कुणाशी बोलायचा नाही, वही उघडून बसायचा. तिघांचा क्रम असा की आधी आमची मुलगी, मग मध्ये एकाचं नाव, मग कामरेज, मग कतारगाम. मध्ये ज्याचं नाव होतं त्याचं तोंड आम्ही पाहिलेलंच नव्हतं. तो कधी आलाच नाही. त्याला यायची गरज नव्हती, त्याच्या घरी फोन होता.

तर त्या दिवशी क्लार्कने खिडकीतून सांगितलं, वेटिंगवाल्यांनी लायब्ररीची 'नो ड्यूज'ची चिठ्ठी तयार ठेवा, नाव आल्यावर चिठ्ठी नसेल तर जागा देणार नाही. म्हणजे डिपार्टमेंटनेच सांगितलं, जा. पोरगी लायब्ररीकडे पळाली. तिथे रांग. ती रांगेत असताना इकडे शिपाई बाहेर आला, त्याच्या मागे हेड साहेब आले, आणि शिपायाने तिचं नाव वाचलं.

मावशी म्हणाली, "हजर!"

हे नीट समजून घ्या, कारण पुढे या एका शब्दावरून फार तमाशा झाला. आमच्या गल्लीत नळाला पाणी थोडा वेळ यायचं. हंड्यांची रांग लागायची. एखादी बाई कामावर असली, पोराला घेऊन दवाखान्यात गेली असली, तर मागची बाई तिचा हंडा पुढे सरकवायची, भरायची आणि तिच्या दाराशी नेऊन ठेवायची. न सांगता. हंडा रांगेत आहे म्हणजे बाई रांगेत आहे. तो न भरता आपला पुढे घेतला तर ती चोरी. मावशी इतकी वर्षं असंच करत आली होती. दुसरीचा नंबर आला आणि आपण तोंड मिटून बसलो, हे तिच्या डोक्यातच बसणारं नव्हतं.

हेड साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं. मांडीवर साड्यांचा ढीग असलेली बाई. "ही? ही टी.वाय.ला?"

आत कुणीतरी हसलं. मावशी शांतपणे म्हणाली, "मी नही साहेब. मन्ही पोर शे. खाले लायब्रीमा गई शे, तुमनाच माणूसनी धाडी. हजर धरा तिले."

"खोटी हाजरी!" साहेब म्हणाले. "बीजाना नामे हाजरी! आ कोलेज छे के बजार?" आणि शिपायाकडे वळून, "अब्सेंट लख. आगळ."

शिपायाने पुढचं नाव वाचलं. आणि जिन्यातून एक मुलगा आला. पहिल्यांदाच. हातात स्कूटरची किल्ली फिरवत. "हाजर, सर." लायब्ररीची चिठ्ठी खिशात तयार!

मी तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, तिच्यासाठी चहा घेऊन येत होते. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पोरगी चिठ्ठी घेऊन धापा टाकत वर आली तेव्हा दार बंद झालं होतं. मावशीने तिला फक्त एवढंच विचारलं, "मी खोटं बोलनू का व?"

पोरगी म्हणाली, "नाही मावशी." आणि खाली बसून तिने गठ्ठ्यातली साडी ओढली. कात्री चालवायला लागली. मला ते बघवेना.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. माझ्या हातून आलेलं सगळ्यात जळजळीत पत्रक. त्यात 'शोषण' होतं, 'कारस्थान' होतं, आणि 'एका बिचाऱ्या, गरीब, अडाणी मजूर बाईचा भर व्हरांड्यात अपमान' होता. गुजरातीत आणि मराठीत, दोन्ही. सायक्लोस्टाइलला देण्याआधी मी ते मावशीला वाचून दाखवलं. वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

"बिचारी कोन शे?" तिने विचारलं.

"तूच की, मावशी."

"मी बिचारी नही. माले काय झाये? नाव पुकारं, मी उत्तर दिन्हं. त्यानी ऐकं नही. बहिरा तो शे, अन बिचारी मी?"

'बिचाऱ्या, गरीब, अडाणी' मी खोडलं. मनातल्या मनात चिडले, कारण पत्रकातलं तेच वाक्य मला सर्वांत आवडलं होतं. मंडळातल्या एकाने वर सल्ला दिला की मुद्दा एका मुलीचा करू नका, व्यवस्थेचा करा. मी म्हटलं, जागा व्यवस्थेची गेली का? एका मुलीची गेली. तिच्यापासूनच सुरुवात होईल.

पत्रक निघालं. मागण्या साध्या होत्या. नाव पुकारण्याआधी बोर्डावर लावा, दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ द्या. सगळ्या डिपार्टमेंटनी याद्या एकत्र बसून ताडून पाहा म्हणजे दोन जागा अडवणारे कळतील. आणि या मुलीचं नाव पुन्हा वर घ्या. हेड साहेबांनी पत्रक घेतलं, घडी केली आणि म्हणाले, "डिपार्टमेंटच्या कारभारात आर्ट्सवाल्यांचं काय काम?"

आणि पोरगी? तिचं नाव तर गेलं होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात आली. मावशीही आली, गठ्ठ्यासकट. मी विचारलं, आता कशाला? मावशी म्हणाली, कामरेजच्या पोराची बस अजून आली नाही, नाव आलं तर? जसं काही तो तिच्याच गल्लीतला होता.

आणि आलंच त्याचं नाव. आणखी एक जागा सुटली होती. शिपाई बाहेर आला, त्याने कामरेजवाल्याचं नाव वाचलं. बस आली नव्हती. मावशीने मान वर केली, पण आदल्या दिवसाचं आठवून ती थांबली. तिच्या एका 'हजर'ने पोरीची जागा गेली होती, आता या पोराचीही घालवायची का? शिपायाने यादीवरचं बोट खाली सरकवलं. खालचं नाव कतारगामचं.

कतारगामचा मुलगा वही मिटून उभा होता. गप्प राहिला असता तर जागा त्याची. त्याने शिपायाकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि म्हणाला, "हाजर छे."

"कोण? तू?" शिपायाने विचारलं. "हे तुझं नाव नाही. तुझं पुढचं."

"खबर छे," तो म्हणाला, म्हणजे माहीत आहे. "ए हाजर छे. बसमां छे."

मग मावशी जोरात म्हणाली, "हजर!" मग आमची पोरगी. मग मी. मग भिंतीला टेकलेले बाकीचे सगळे, ज्यांचे नंबर पार खाली होते आणि ज्यांना काही मिळणार नव्हतं तेही. शिपायाने घाबरून पुढचं नाव वाचलं, कतारगामचं, त्यालाही सगळे "हजर!" त्याने त्याच्या पुढचं वाचलं, तरी सगळे "हजर!" तो हसायला लागला आणि यादी घेऊन आत पळाला.

हेड साहेब बाहेर आले. "कोण बोललं?"

कुणी 'मी' म्हणालं नाही आणि कुणी 'मी नाही'ही म्हणालं नाही. साहेबांनी मावशीकडे बोट केलं. मावशीने धागा दाताने तोडला आणि म्हणाली, "आज तर तुमनाच पोरे बोलनात, साहेब. मी एकटी नही."

दुपारी बोर्डावर टाइप केलेला कागद लागला. वेटिंगमधली नावं पुढे एक दिवस आधी लावली जातील. बस्स. कारण नाही, दिलगिरी नाही. कामरेजवाला संध्याकाळी बसमधून उतरून आला, कागद वाचला, आणि त्या गोंधळात त्याच्यापुढे 'अब्सेंट' लिहायचं राहून गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याला जागा मिळाली. मग कतारगामवाल्यालाही मिळाली. मंडळातल्यांनी मला 'विजय' अशा मथळ्याचं पत्रक लिहायला सांगितलं. मी नकार दिला. कुणाचा विजय? आमची मुलगी अजून व्हरांड्यातच होती.

मग स्कूटरवाल्याने मायक्रोबायोलॉजी घेतली. तिथेही त्याचं नाव होतंच, पहिल्यापासून. त्याचा मला राग नाही, दोन दारं उघडी ठेवली तर कुणीही दोन्हींत पाय ठेवील. राग दारं ठेवणाऱ्यांचा आहे. त्याची जागा मोकळी झाली. तीच जागा, जी 'हजर' म्हटल्यावर देता येत नव्हती.

पोरगी आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब आता मवाळ होते. म्हणाले, नियमाने वाचलेलं नाव पुन्हा घेता येत नाही, पण सहानुभूतीने घेतो. एक माफीपत्र लिहून दे. नातेवाईक बाईने खोटी हजेरी दिली, याबद्दल माफी.

लायब्ररीत तुम्ही पाठवलं, नाव तुम्ही तेव्हाच पुकारलं, दोन जागा तुम्ही अडवू दिल्या, आणि माफी हिने मागायची? मी तोंड उघडणार तोच पोरीने माझा हात दाबला. "उद्या आणते, सर."

संध्याकाळी नळावर मी मावशीला सांगितलं, हिने असलं काही लिहायचं नाही. आपण बसू, उपोषण करू. मावशीने हातातला हंडा खाली ठेवला.

"लिखू दे तिले. माले काय तेन्हा घरमा नांदानं शे? तो माले खोटी म्हने नाहीतर काही म्हने." मग माझ्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली, "तुन्हं पत्रक पुढला महिनाले बी निंघी, व माय. हिन्हं वरीस निंघी जाई."

तिचं बरोबर होतं, आणि तरीही मला वाटतं की तो कागद मागणं हा गुन्हा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्याचीच मला चीड येते. ज्याला जागा हवी आहे त्याच्याकडूनच माफी उकळता येते. ज्याच्या घरी फोन आहे त्याच्याकडून कुणी कधी मागितली?

सकाळी पोरीने कागद दाखवला. स्वच्छ गुजरातीत लिहिला होता. त्यात माफी नव्हती. लिहिलं होतं की माझं नाव पुकारलं तेव्हा मी डिपार्टमेंटच्याच सांगण्यावरून लायब्ररीच्या रांगेत होते, म्हणजे कॉलेजातच हजर होते. माझ्या मावशीने तेवढंच सांगितलं. ते खरं होतं. खाली सही.

"अगं, हे वाचून तो फाडून टाकील," मी म्हटलं.

"मग फाडू दे," ती म्हणाली. टेबल की बाटल्या, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

साहेबांनी कागद घेतला. घडी उघडली, खालची सही पाहिली, फाइलमध्ये टाकला. वाचला नाही. एक ओळसुद्धा नाही! मग फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, "प्रॅक्टिकल सोमवारथी. एप्रन लावजे." ती बाहेर गेली. मी दारातच उभी राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, साहेब, वाचा! ज्या माफीसाठी या पोरीला रात्रभर झोप लागली नाही ती त्या कागदात नाहीये! तुम्हाला माफी नकोच होती, तुम्हाला फक्त तिने कागद घेऊन तुमच्या टेबलाशी यायला हवं होतं. पण ओरडले असते तर जागा गेली असती. मी दार लोटून घेतलं. त्या मंडळात असताना मी गप्प बसले अशी तेवढीच एक वेळ.

बाहेर मावशी गठ्ठा बांधत होती. "मिळनी का?"

"मिळाली, मावशी."

"मंग उचल तो दुसरा गठ्ठा. पानी येवानं टाइम झाया, अन आज हंडा लावाले कोनीच नही."

पोरीने गठ्ठा डोक्यावर घेतला. बसमध्ये तिने मला सांगितलं की तिने कागद साहेबांसाठी लिहिलाच नव्हता. मावशीला वाचता येत नाही, म्हणून सकाळी आधी तिला वाचून दाखवला होता. "ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, हां, आसंच झायं व्हतं."